एकाच चाचणीवर कुत्र्याचा निकाल नको



ब्राझीलमधील कुत्र्यांच्या लेशमानिया रोगावरील एका पत्रात एक रक्तचाचणी पॉझिटिव्ह आली की पुरे, असा सूर आहे. तो धोक्याचा आहे.

ही चाचणी लेशमानिया परजीवी शोधत नाही, त्याच्याविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे शोधते. चागास रोगाच्या ट्रिपॅनोसोमा क्रूझी या परजीवीची लागण असली तरी ती पॉझिटिव्ह येऊ शकते. ब्राझीलने २०११ मध्ये क्रम ठरवला: आधी डीपीपी ही झटपट चाचणी, मग एलायझा या दुसऱ्या चाचणीने खात्री.

हिशेबच करून पाहावा. १००० कुत्र्यांत २० बाधित असतील आणि चाचणी दोन्ही बाजूंनी ९० टक्के अचूक असेल, तर १८ बाधित सापडतात. त्यांच्यासोबत ९८ निरोगी कुत्रीही पॉझिटिव्ह ठरतात. जिथे पॉझिटिव्ह कुत्र्याला मारले जाते, तिथे दुसरा टप्पा गाळता कामा नये. शंका उरलीच, तर अस्थिमज्जेचा नमुना पीसीआरने तपासून घ्यावा.

— एक पशुवैद्यक