आधी टेप, मग पाना

नट-बोल्ट (साप्ताहिक सदर)

नोव्हेंबर लागला की मिनेसोटातल्या शोरूममधून नव्या स्नोमोबिल ट्रेलरवर चढून घरोघरी पोचतात, आणि पहिला बर्फ नीट साचायच्या आत तक्रार सुरू होते : "गाडी मागून बसते." रिकामी उभी असते तेव्हा ऐटीत दिसते. मालक बसला की मागचा बंपर खाली जातो, मागे आणखी कोणी बसलं की आणखी खाली. पंधरा-वीस हजार डॉलर मोजलेले असतात, त्यामुळे पहिला संशय कंपनीवर आणि दुसरा डीलरवर जातो. आपल्या वजनावर संशय घेणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. अशा बहुतेक गाड्यांमध्ये बिघाड नसतो. त्यांची जुळणी झालेली नसते, आणि ती करून देणं हे विकणाऱ्याचं काम आहे. ते तो करत नाही आणि आपण मागत नाही. त्याऐवजी आपण गाडी घरी आणतो, अंदाजाने स्प्रिंग कडक करतो, आणि मग हँडल जड झालं म्हणून नवी तक्रार घेऊन परत जातो.

गाडीने थोडं बसणं हा दोष नाही. तिने बसलंच पाहिजे. सस्पेन्शनला वर दबायला जशी जागा लागते तशी खाली पसरायलाही लागते. ट्रेलवर उंचवट्यांच्या मधे खळगे असतात. स्प्रिंग आधीच पूर्ण पसरलेली असेल तर खळग्यात पट्टा खाली उतरू शकत नाही, क्षणभर बर्फ सोडतो आणि गाडी मागून उडते. म्हणून तुमच्या वजनाने गाडी काही इंच दबलेली असावी असाच हिशेब असतो. इंग्रजी बोलणारे मेकॅनिक याला सॅग म्हणतात, आपणही तेच म्हणू. सॅग आहे का, हा प्रश्नच नाही. किती आहे, एवढाच प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर डोळ्यांनी मिळत नाही.

जुन्या लोकांना ही भानगड नव्हती. क्यूबेकमधल्या व्हॅलकोर्टच्या जोझेफ-आर्मां बोंबार्डिए यांचा दोन वर्षांचा मुलगा १९३४च्या हिवाळ्यात आजारी पडला आणि रस्ते बर्फाने बंद असल्यामुळे दवाखान्यापर्यंत पोचू न शकल्याने गेला. त्यानंतर त्यांनी पट्ट्यावर चालणारी जी वाहनं केली, त्यांचं काम एकच होतं : पोचणं. १९३७ची त्यांची बी-७ सात माणसं घेऊन जायची. १९५९मध्ये एकदोघांसाठी हलकी स्की-डू आली, तिच्याही पट्ट्यात छोट्या बोगी चाकांच्या जोड्या होत्या आणि स्प्रिंग जेमतेम दबायच्या. आमच्या मिनेसोटाच्या उत्तर टोकाला रोझो गावात पोलारिस जन्मली, तिच्या एडगर हेटीन यांनी १९६०मध्ये अलास्कातून हजारावर मैलांची मजल मारली तीही असल्याच यंत्रांवर. पाठीचं काय झालं असेल याची कल्पना करवत नाही. पुढे बोगी जाऊन लांब रेलवर घसरणारा पट्टा रुळला, मागच्या सस्पेन्शनचा प्रवास वाढत वाढत दहा इंचांच्या पुढे गेला. सॅगचा प्रश्न या लांब प्रवासातून आला. दोन इंच हलणाऱ्या गाडीत काय मोजायचं?

आता टेप काढा. हे काम दोघांचं आहे. गाडी सपाट जमिनीवर घ्या, शक्यतो थंड गॅरेजमध्ये. मागचा बंपर धरून गाडी इतकी उचला की सस्पेन्शन पूर्ण पसरेल, पण पट्टा जमिनीला नुकता टेकलेला राहील. जमिनीपासून बंपरच्या एका ठरावीक जागेपर्यंत माप घ्या आणि तिथे खडूची खूण करा. मग गाडी सोडा, एकदोनदा हलवा, पुन्हा मोजा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे गाडी स्वतःच्या वजनाने किती बसली. आता तुम्ही चढा, आणि इथेच लोक फसवणूक करतात. टी-शर्टवर बसू नका. हेल्मेट, बूट, जाड जॅकेट, पाठीवरची पिशवी, सगळं घाला. त्याचं वजन सात-आठ किलो सहज होतं. टाकी भरलेली असू द्या, कारण पस्तीस-चाळीस लिटरचं पेट्रोल पंचवीस किलोच्या वर जातं. नेहमी बसता तसे बसा आणि दुसऱ्याला मोजू द्या. पहिल्या आणि या शेवटच्या मापातला फरक म्हणजे तुमचा सॅग.

नव्या गाडीत बुश आणि सांधे घट्ट असतात, त्यामुळे एकाच मापावर विसंबू नका. एकदा बंपर किंचित उचलून हळूच सोडा आणि मोजा, एकदा खाली दाबून हळूच वर येऊ द्या आणि मोजा. दोन्हींच्या मधला आकडा धरा. दोन मापांत इंचभर फरक पडला तर स्प्रिंगला हात लावण्याआधी ग्रीसगन घ्या. सांधे कोरडे असले की गाडी दबते आणि दबलेलीच राहते, आणि मालक म्हणतो स्प्रिंग मऊ आहे.

किती सॅग बरोबर? तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये जो आकडा असेल तो. ट्रेलवर चालवायच्या गाड्यांत तो बहुतेक २ ते ४ इंचांच्या दरम्यान येतो. मॅन्युअलमध्ये पट्ट्याच्या सैलपणाचंही एक माप दिलेलं असतं आणि त्यालाही सॅगच म्हणतात. ते पट्टा आणि रेलखालच्या प्लास्टिकच्या पट्टीमधलं अंतर असतं. त्याचा या प्रश्नाशी संबंध नाही. तो आकडा इथे लावून गाडी दगडासारखी कडक करून ठेवलेले लोक आहेत.

समजा तुमचा आकडा पाच इंच आला. आता पान्याची पाळी. बहुतेक ट्रेलच्या गाड्यांत मागचा भार दोन टॉर्शन स्प्रिंग उचलतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. कपडे वाळत घालायच्या चिमट्यात असते तशीच पिळाची स्प्रिंग, फक्त बोटाएवढ्या जाडीची. तिचा लांब पाय रेलवरच्या एका ठोकळ्यावर टेकलेला असतो. हा ठोकळा फिरवला की पाय वर उचलला जातो, स्प्रिंगला आधीच जास्त पीळ बसतो आणि गाडीची मागची उंची वाढते. यालाच प्रीलोड म्हणायचं. डबलसीट निघताना मोटारसायकलच्या मागच्या शॉकअपची रिंग दोन खाचा वर घेतलेले मराठी वाचक हे चांगलं जाणतात. गाडीबरोबर आलेलंच हत्यार वापरा, बोटं लांब ठेवा, दोन्ही बाजूंना एकच खाच ठेवा. मग पुन्हा मोजा.

इथे एक गैरसमज इतका पक्का बसलेला आहे की त्यावर थोडं थांबतो. प्रीलोड वाढवल्याने स्प्रिंग कडक होत नाही. ती जेवढी कडक कारखान्यातून आली तेवढीच राहते, गाडी फक्त उंच उभी राहते. म्हणून दोन्ही मापं एकत्र वाचावी लागतात. शेवटच्या खाचेपर्यंत प्रीलोड लावला, रिकामी गाडी आता अजिबात बसत नाही, आणि तरी तुम्ही बसल्यावर पाच इंच जाते? मग स्प्रिंगच तुमच्या वजनाला मऊ आहे. जास्त ताकदीची घ्या, खाचा फिरवत बसू नका. उलटही होतं. तुमचा सॅग बरोबर आहे, पण रिकामी गाडीच दोन-अडीच इंच बसलेली आहे, तर स्प्रिंग तुमच्यासाठी जास्त कडक आहे. सडपातळ माणसांच्या गाड्यांत हे दिसतं, आणि ते कधी तक्रारच करत नाहीत. कंबर दुखते तेव्हा वयाला दोष देतात.

दुसरा गैरसमज शॉकअपचा. गाडी बसली म्हणजे शॉकअप गेला, असं लोक बिनदिक्कत सांगतात. गाडी उचलून धरण्याचं काम स्प्रिंगचं आहे. शॉकअपमधलं तेल फक्त हालचालीला लगाम घालतं. तेल गळलं तर गाडी उसळत राहील, खळग्यात आपटेल, पण उभी असताना इंचांनी खाली बसणार नाही. अपवाद हवेच्या शॉकअपचा. डोंगराळ भागासाठीच्या बऱ्याच गाड्यांत लोखंडी स्प्रिंगऐवजी हवाच भार पेलते, आणि हवा थंडीत आकसते. घरातल्या २० अंश तापमानात १०० पीएसआय भरलेला दाब उणे २५ अंशांत साधारण ८२वर येतो. मागच्या शॉकअपमध्ये हवा असेल तर शोरूममध्ये ठीक दिसलेली गाडी ट्रेलवर बसलेली दिसण्यामागे हेच असतं. म्हणून गाडी तासभर बाहेर ठेवा आणि मगच पंप लावा.

खराखुरा बिघाड ओळखणं त्या मानाने सोपं आहे. मागून पाहिलं तर गाडी एका अंगाला झुकलेली दिसते का? मग त्या बाजूच्या स्प्रिंगचा पाय ठोकळ्यावरून घसरला आहे किंवा तुटला आहे. दोन्ही बाजूंनी अगदी नव्या गाडीतच भयंकर सॅग असेल तर मला वेगळा संशय येतो. या गाड्या कारखान्यातून लाकडी खोक्यात येतात, आणि खोकं बुटकं राहावं म्हणून मागचा भाग दाबून बांधलेला असतो. काही मॉडेलमध्ये स्प्रिंगचे पाय ठोकळ्यावर चढवलेलेच नसतात. खोकं उघडल्यावर डीलरच्या माणसाने ते चढवायचे. हंगामाच्या तोंडावर डझनभर खोकी उघडणारा पोरगा एखाद्या गाडीत ते विसरला, तर त्याला मी दोष देणार नाही. त्याच्यामागून तपासणारा कोणी नाही, त्याला देईन. खाली वाकून टॉर्च मारली की हे अर्ध्या मिनिटात दिसतं.

ओल्या बर्फातून फिरून आल्यावर रात्रभर बाहेर ठेवलेली गाडी सकाळी दबलेली दिसली तर घाबरू नका, सांध्यात बर्फ गोठलेला असतो. पुढच्या लिमिटर स्ट्रॅपने मागची उंची सुधारत नाही. त्याने स्कींवरचा भार बदलतो. त्याला उगाच हात लावू नका.

जास्त सॅगने नेमकं बिघडतं काय, हे ज्यांना क्षुल्लक वाटतं त्यांच्यासाठी : मागून बसलेल्या गाडीचं नाक वर जातं, स्कींवरचा भार कमी होतो आणि वळणावर हँडल फिरवूनही गाडी सरळ जाऊ पाहते. रात्री तुमचा दिवा समोरच्याच्या डोळ्यांत जातो. अरुंद ट्रेलवर, समोरून दुसरी स्नोमोबिल येत असताना, या दोन्ही गोष्टी एकदम घडतात. मिनेसोटात अशा ट्रेलचं जाळं २२ हजार मैलांहून मोठं आहे आणि अंधार साडेचारला पडू लागतो. उलट, भीतीपोटी गाडी फार उंच करून ठेवली तर स्कींवर इतका भार येतो की तासाभरात दंड भरून येतात.

दोघांनी फिरणाऱ्यांनी एक वेगळं माप जोडीने बसून घ्यावं. गुलमर्गला चालकाच्या मागे बसून फेरी मारून आलेले आपले पर्यटक इथे आले की "आम्ही बसलो होतो की" म्हणत मागे चढतात, आणि एकट्यासाठी लावलेली गाडी सत्तर किलोंनी खचते. एकट्याची खाच आणि दोघांची खाच, दोन्ही बॉनेटच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा. नव्या स्प्रिंग थोड्या रुळतात, तेव्हा पहिल्या दोनशे-तीनशे मैलांनंतर सगळी मापं पुन्हा घ्या.

आणि डीलरशी बोला, पण पैसे देण्याआधी. त्याला सांगा, गाडी घ्यायला मी पूर्ण कपड्यांत येणार आहे, मला बसवून सॅग मोजा, आकडा डिलिव्हरीच्या कागदावर लिहा, आणि स्प्रिंग माझ्या वजनाला मऊ निघाली तर आत्ताच बदलून द्या. सही व्हायच्या आधी तो या मागणीला हो म्हणण्याची शक्यता बरीच असते. नाही म्हणाला, तर दुसरा डीलर बघा. तुमची मापं मला जरूर कळवा, वजनासकट. पुढच्या आठवड्यात पट्ट्याचा ताण.