प्रयोगशाळेचे सोवळे, कारखान्याचे ओवळे

कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकविणाऱ्या आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी १८९२ मध्ये आपल्या राहत्या घरी औषधनिर्मितीस आरंभ केला. १९०१ मध्ये त्यातून ‘बेंगॉल केमिकल’ ही कंपनी उभी राहिली. याच आचार्यांनी १९०२ मध्ये हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड सिद्ध केला. अध्यापन, ग्रंथलेखन आणि उत्पादन ही त्यांच्या लेखी एकाच राष्ट्रकार्याची अंगे होती. लाहोरला प्राध्यापक असताना शांतिस्वरूप भटनागर यांनी एका तेल कंपनीची विहीर खोदण्यातील अडचण सोडविली आणि कंपनीने देऊ केलेले धन विद्यापीठातील संशोधनाकडे वळविले.

स्वतंत्र भारतात मात्र या परंपरेचा विसर पडला. प्राध्यापकाने दोन वर्षे कारखान्यात काम करावयाचे म्हटले, की ज्येष्ठतेचे काय, बढतीचे काय, हे प्रश्न आधी उभे राहतात. शोधनिबंधांची संख्या मोजली जाते; कारखान्यात सुटलेल्या कोड्याला गुण नाहीत. दुसरीकडे आमचे उद्योगपती! परदेशी तंत्रज्ञान विकत आणावे, स्वामित्वशुल्क भरावे आणि स्वदेशीच्या सभेत हारतुरे स्वीकारावेत. २०२०-२१ मध्ये देशाचा संशोधनावरील खर्च सकल उत्पन्नाच्या अवघा ०.६४ टक्के होता आणि त्यात खासगी उद्योगांचा वाटा निम्माही नव्हता. जपान, कोरिया, चीन येथे हा भार प्रामुख्याने उद्योगच उचलतात.

शासनाने काहीच केले नाही असे नाही. उद्योगांच्या सहभागाने पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना पंतप्रधानांच्या नावे शिष्यवृत्ती देण्यात आली. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये उद्योगातील अनुभवी व्यक्तींना ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ म्हणून वर्गात आणण्याचा मार्ग खुला केला. खासगी संशोधनास बळ देण्यासाठी २०२५ मध्ये १ लाख कोटी रुपयांच्या योजनेस मंजुरी मिळाली. ही पावले स्वागतार्हच आहेत. परंतु नोकरीत स्थिरावलेल्या प्राध्यापकाने निर्धास्तपणे कारखान्यात जावे आणि सन्मानाने परतावे, ही वाट अजूनही अरुंद आहे. पैसा पुष्कळ ओतला, पण जाणारी-येणारी माणसेच नसली, तर तो मुरणार कोठे?

इंग्रजांची कारकुनी शिक्षणपद्धती आम्ही निमूटपणे उचलली. त्यांच्याकडून घेण्यासारखे ते मात्र घेतले नाही. तेथील रॉयल सोसायटी विद्यापीठातील शास्त्रज्ञाला उद्योगात आणि उद्योगातील शास्त्रज्ञाला विद्यापीठात जाण्यासाठी अधिछात्रवृत्ती देते. मूळ नोकरी कायम राहते आणि मूळ वेतनाचा भार सोसायटी उचलते.

अशा वृत्तीमुळे विद्यापीठे भांडवलदारांची बटीक होतील, अशी ओरड काही विद्वान करतील. परदेशी प्रतिष्ठानांच्या अनुदानावर परिसंवाद भरविताना हे पावित्र्य कोठे असते? स्वामित्वहक्क आणि प्रकाशनाच्या अटी आधीच लिखित ठरविल्या, तर भय कशाचे?

म्हणून मागणी स्पष्ट असावी. दोन्ही दिशांना खुली असलेली राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती हवी, तिचा निम्मा भार उद्योगांनी उचलावा आणि तो काळ बढतीसाठी पूर्ण सेवा म्हणून धरला जावा. स्वदेशी ही केवळ ग्राहकाने दुकानात पाळावयाची गोष्ट नव्हे. वस्तू येथली आणि तिच्यामागील बुद्धी परक्याची, हे स्वावलंबन नव्हे. आचार्य रायांनी जे पारतंत्र्यात करून दाखविले, ते स्वतंत्र राष्ट्राला नियमांच्या कागदांमुळे अशक्य व्हावे, ही स्थिती आपण आणखी किती काळ सहन करणार आहोत?