घाम हा पराक्रमाचा पुरावा नव्हे

गेल्या वर्षी वैशाखातील एका सायंकाळी आमच्या देवस्थानच्या सभामंडपात तरुण मंडळींची बैठक भरली होती. डिसेंबरातील मॅरेथॉन शर्यतीत मंडळाचे काही गडी उतरावयाचे आणि त्याची तयारी उन्हाळ्यापासूनच करावयाची, असा बेत होता. बेत स्तुत्यच होता. त्या बैठकीत एका वजनदार गृहस्थांनी आवेशाने भाषण केले. "उन्हाळ्याला जो भ्याला तो शर्यतीला मुकला! घाम गाळा, जितका घाम अधिक, तितके शरीर पोलादी. घाम हीच तपश्चर्या!" टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या वाजविणारांत मीही होतो, हे प्रारंभीच कबूल केलेले बरे.

त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात माझा भाचा पडला. पहाटे पाचाला निघालेली ही मंडळी बावीस किलोमीटर तोडून देवळाच्या रस्त्याला लागली होती. भाचा काही वेळ असंबद्ध बोलत होता. सोबत्यांना ती थट्टा वाटली. "आता थोडेच राहिले, सोडू नकोस," असे म्हणून त्यांनी त्याला पुढे ढकलले. देवळाच्या पायऱ्यांपाशी तो कोसळला. अंग घामाने निथळत होते आणि विस्तवासारखे तापले होते. कोणी वारा घालू लागला, कोणी बेशुद्धाच्या तोंडात पाणी ओतू पाहत होता, कोणी मोटार आणावयास धावला. त्या गोंधळात देवळात घागरी भरणारा वृद्ध सेवेकरी तेवढा ओरडला, "पयलीं ताचेर उदक ओतात, मागीर उलयात!" त्याने पोराला उचलून विहिरीकाठच्या दगडी डोणीत गळ्यापर्यंत निजविले आणि घागरीमागून घागर रिती केली. भाचा वाचला. डॉक्टरांनी मागाहून सांगितले की, आधी थंड केलेत आणि मग इकडे आणलेत, म्हणूनच तो वाचला.

एका निरक्षर सेवेकऱ्याला जे उमगले ते आम्हा शिकल्यासवरल्यांना का उमगू नये, या प्रश्नाने मला वर्षभर स्वस्थ बसू दिले नाही. त्यातून हा लेख.

प्रथम घामाचे माहात्म्य तपासून पाहू. धावणाराच्या अंगी जी शक्ती खर्च होते, तिचा जेमतेम चौथा हिस्सा त्याला पुढे नेण्याच्या कामी येतो; उरलेल्या तीन हिश्शांची उष्णता होते. साठ किलो वजनाच्या मनुष्याला दर किलोमीटरला सुमारे साठ कॅलरी लागतात, म्हणजे ४२.१९५ किलोमीटरच्या पूर्ण शर्यतीत सुमारे अडीच हजार. ही उष्णता बाहेर काढण्याचे मुख्य साधन घाम खरेच. परंतु अंग थंड होते ते घाम येण्याने नव्हे, घाम वाळण्याने. एक लिटर घाम वाळला तर सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातो. तोच घाम टपटप खाली गळला तर जवळजवळ काहीच नेत नाही. मृगाच्या तोंडावर दोरीवर टाकलेले धोतर सांजेपर्यंत ओलेच राहते, हे आपल्या घरच्या बायकांना ठाऊक आहे. धावणाराची कातडी त्या धोतराहून निराळी नाही. दमट हवेत जो घाम जमिनीवर सांडतो तो पराक्रमाचा पुरावा नसून शरीराची निष्फळ झालेली खटपट आहे. आणि आम्ही तीवर टाळ्या वाजवितो!

यावर पहिला आक्षेप असा येतो की, आम्ही काही भर दुपारी धावत नाही, पहाटे धावतो. पहाटेची वेळ त्यातल्या त्यात बरी, हे मान्य. परंतु ऊन नाही म्हणजे धोका नाही, हे अनुमान चुकीचे आहे. मे महिन्यात आमच्या किनाऱ्यावर पहाटेलाही पारा सव्वीस-सत्तावीस अंशांच्या खाली सहसा उतरत नाही, आणि हवेतील सापेक्ष आर्द्रता तर त्याच वेळी सर्वांत अधिक असते. २०१९ साली कतारमधील दोहा येथे जागतिक अजिंक्यपदाच्या मॅरेथॉनमध्ये स्त्रियांची शर्यत उकाड्याच्या भयाने मध्यरात्री सुरू केली. सूर्याचा मागमूस नव्हता. पण पारा तिशीच्या वर होता आणि हवा ओलीचिंब होती. जगभरातून निवडून आलेल्या ६८ धावपटूंपैकी २८ जणींनी शर्यत अर्ध्यावर सोडली. त्याच वर्षी ऑलिंपिकच्या चालकांनी शहाणपण शिकून तोकियोची नियोजित मॅरेथॉन उत्तरेकडील थंड अशा साप्पोरो नगरीस हलविली. जगातील श्रेष्ठ धावपटूंसाठी शर्यतीचे गाव बदलता येते. आमच्या पोरांसाठी सरावाचा वेग बदलावयास आमचा अभिमान आड येतो!

दुसरा आक्षेप : शरीर सरावाने तयार होते. होते, यात संशय नाही. दहा ते चौदा दिवस बेताबेताने उकाड्यात श्रम केले, तर रक्तातील द्रव वाढतो, घाम लवकर सुटू लागतो, त्यातून मीठ कमी जाते. पण ही तयारी मंद गतीनेच होते आणि चार आठवडे खंड पडला की बहुतेक ओसरते. शिवाय सरावाने शरीर बदलते, हवा बदलत नाही. दमट हवा जेवढा घाम शोषील तेवढाच शोषील. तिच्यापाशी वशिला चालत नाही.

तिसरा आक्षेप पाण्याचा : भरपूर पाणी प्यावे म्हणजे झाले. येथे दोन्ही टोकांचा वेडेपणा इतिहासात नमूद आहे. १९०४ साली अमेरिकेतील सेंट लुइसच्या ऑलिंपिकमध्ये, सुमारे बत्तीस अंशांच्या उन्हात, चालकांनी मुद्दामच पाण्याची टंचाई ठेवली होती. बत्तीस जण निघाले आणि चौदाच पोहोचले. उलट २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त तपासले असता शेकडा तेरा जणांच्या रक्तातील सोडियम योग्य पातळीच्या खाली उतरलेले आढळले. त्याचे प्रमुख कारण अतिरिक्त पाणी पिणे हे होते. तहानेला विचारून प्यावे, पेजेतून किंवा सोलांच्या सरबतातून थोडे मीठ जाऊ द्यावे, हा मध्यम मार्ग. पण हेही ध्यानात ठेवावे की, पाण्याने तहान भागते. धावण्याने पेटलेली भट्टी केवळ पाण्याने विझत नाही. ती विझविण्यास वेग कमी करावा लागतो.

चौथा आक्षेप सर्वांत मानाचा, म्हणून सर्वांत घातक. "सोसणे हेच तप!" देवळाच्या मंडपात हे वाक्य उच्चारले गेले म्हणून त्याचा समाचार शास्त्रानेच घेतला पाहिजे. गीतेच्या सतराव्या अध्यायात तपाचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांत मूढ आग्रहाने स्वतःला पीडा देऊन केलेल्या तपाला भगवंतांनी तामस म्हटले आहे. वाग्भटाने अष्टांगहृदयात व्यायामाची मर्यादाच घालून दिली आहे : बलवान मनुष्यानेही आपल्या अर्ध्या शक्तीनेच व्यायाम करावा, तोही थंडीत आणि वसंतात, अन्य ऋतूंत त्याहूनही मंद. वारकऱ्यांची वाट पाहा. आळंदीहून पंढरीपर्यंतचे अंतर लहान नाही; पण त्या वाटेवर विसावे ठरलेले आहेत, मुक्काम ठरलेले आहेत, आणि विसाव्याला बसलेल्या वारकऱ्याला कोणी भित्रा म्हणत नाही. आमची परंपरा सोसण्याची आहे खरी, पण ती विसाव्यासकट आहे.

थांबण्यात लाज आहे काय, याचा निवाडा १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकने पूर्वीच केलेला आहे. त्या १४ जुलैला भर दुपारी, स्वीडनला अपरिचित अशा उकाड्यात, मॅरेथॉन धावविण्यात आली. पोर्तुगालचा फ्रान्सिस्कू लाझारू हा लिस्बनचा सुतार तीत होता. गोमंतक तेव्हा त्याच ध्वजाखाली होता, म्हणून हे नाव आपणांस तरी परके वाटू नये. उन्हापासून बचावासाठी त्याने अंगाला चरबीसारखे काही फासले होते आणि त्यामुळे घामाची वाट बुजली, असे सांगितले जाते. तो थांबला नाही. सुमारे तीस किलोमीटरवर कोसळला आणि दुसऱ्या दिवशी मरण पावला. त्याच शर्यतीत जपानचा शिझो कानाकुरी होता. उकाड्याने जीव घाबरा होताच तो एका घरच्या बागेत शिरला, तेथे त्याने पेय घेतले आणि परत धावण्याऐवजी निघून गेला. चालकांच्या दफ्तरी तो हरवलेलाच राहिला. परंतु जो थांबला तो उरला! १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये, थंड आणि पावसाळी हवेत, हाच कानाकुरी सोळावा आला. आणि त्याच शर्यतीत त्याच्या मागे केवळ दोन मिनिटांनी, एकोणिसावा, कोण आला? आपल्या बेळगावचा फडेप्पा चौगुले! पुढे १९६७ साली, पंचाहत्तर वर्षांच्या वयात, कानाकुरीने स्टॉकहोमला जाऊन आपली अपुरी शर्यत पुरी केली. चौपन्न वर्षांहून अधिक काळ लागला अशी तिची नोंद आहे. भित्रा कोण आणि शूर कोण, हे वाचकांनीच ठरवावे.

आता माझ्या व्यवसायातले बोलतो. भाचा पडल्यावर बैठकीतील एक सद्गृहस्थ मला एकांतात म्हणाले, "वकीलसाहेब, काळजी नको, सगळ्यांच्या सह्या घेतल्या आहेत." स्वतःच्या जबाबदारीवर धावतो, काही झाल्यास कोणी जबाबदार नाही, अशा मजकुराचा तो कागद होता. असल्या कागदाला ताईत समजणाऱ्यांचा भ्रम दूर करणे माझे कर्तव्य आहे. स्वेच्छेने धोका पत्करणाराला नुकसानीची तक्रार करता येत नाही, हे तत्त्व कायद्यात आहे. पण त्याला दोन अटी आहेत : धोक्याचे पूर्ण ज्ञान हवे, आणि संमती मोकळी हवी. ज्याला हवा किती दमट आहे हे कोणी सांगितलेच नाही, त्याने कोणत्या ज्ञानाने सही केली? ज्याला थांबल्यास भ्याड ठरविले जाईल, त्याची संमती कसली मोकळी? शिवाय दुसऱ्याच्या निष्काळजीपणाला ही संमती पुरत नाही. त्या यादीत सतरा वर्षांची दोन मुले होती. अज्ञानाचा करार मुळातच शून्य असतो, हे प्रिव्ही कौन्सिलने मोहरीबीबीच्या खटल्यात १९०३ सालीच सांगून ठेवले आहे. त्या कागदाची किंमत शाईइतकीही नाही. आणि न्यायालयापुढे तो टिकला असता, तरी त्या मुलांच्या आईपुढे टिकला असता काय?

केवळ दोष दाखवून थांबणे हा वकिली धर्म असेल, लेखकाचा नव्हे. म्हणून देवस्थानच्या समितीपुढे आणि अशा सर्व मंडळांपुढे माझ्या मागण्या ठेवतो. पहिली, हवा मोजा. १९५७ साली अमेरिकी सैनिकांच्या शिक्षणतळांसाठी याग्लू आणि मिनार्ड यांनी एक मापन सुचविले : ओल्या फडक्याच्या तापमापकाला दहांपैकी सात भाग, उन्हातील काळ्या गोळ्यातील तापमापकाला दोन, साध्या तापमापकाला एक. हा आकडा अठ्ठावीस अंशांपुढे गेला तर लांब पल्ल्याच्या शर्यती घेऊ नयेत, असा अमेरिकेतील क्रीडावैद्यकांच्या संस्थेचा सल्ला आहे. यंत्र फार महाग नाही. आपल्या मांडवाच्या रोषणाईहून स्वस्तच पडेल. दुसरी, उन्हाळ्यात घड्याळ घरी ठेवा. वेग श्वासावरून ठरवा. बोलता येईल इतकेच धावा, मध्ये चाला, अंतर तोडा. हिवाळ्यात वेग आपोआप परत येतो. तिसरी, बर्फ आणि मोठे टब सिद्ध ठेवा. अमेरिकेत फाल्मथ येथे ऑगस्टातील शर्यतीत अठरा वर्षांत उष्माघाताच्या २७४ रुग्णांना जागच्या जागी थंड पाण्यात बुडविले गेले, आणि एकही दगावला नाही. आमच्या सेवेकऱ्याचे शास्त्र ते हेच. जो बरळतो, अडखळतो, चिडतो, त्याला पुढे ढकलू नका. थांबवा, थंड करा, मग नेण्याचे पाहा.

चौथी मागणी पैशाची नाही, म्हणून कदाचित सर्वांत अवघड आहे. ज्या मंडपातून घामाचा जयजयकार झाला, त्याच मंडपातून एकदा मोठ्याने सांगा की, जो थांबला तो आमचाच आहे. मी त्या दिवशी टाळ्या वाजविल्या होत्या. ही घोषणा झाली तर पुन्हा वाजवीन, आणि या वेळी मनापासून.

भाचा यंदाही धावतो आहे, सावकाश. पहाटे निघतो, मध्ये चालतो, आणि परतताना त्या विहिरीपाशी थांबून वृद्ध सेवेकऱ्याच्या घागरी भरून देतो. त्याच्या हिवाळ्यातील शर्यतीची वेळ काय लागेल याची मला चिंता नाही. तो घरी चालत येतो, एवढे पुरे आहे.