गुत्त्यांत जगलेला नाताळ

नाताळची गाणी म्हणजे केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजातील मुलांचा निर्मळ आवाज, असे आपल्या रसिकांनी ठरवूनच टाकले आहे. १९१८ साली सुरू झालेली ती उपासना १९२८ मध्ये रेडिओवर आली, आणि एका कॉलेजची रीत साऱ्या परंपरेच्या नावाने खपू लागली. त्या गायनाशी माझे वैर नाही. त्याच्या मक्तेदारीशी आहे.

शेफील्डजवळच्या गावांत नोव्हेंबरपासून नाताळापर्यंत लोक गुत्त्यात, पेला हाती घेऊन, आपली गाणी गातात. एकोणिसाव्या शतकातील सुधारकांनी गावकरी गायक-वादकांना चर्चमधून हुसकले. ही गाणी गुत्त्याच्या आसऱ्याने राहिली. नाहूम टेटच्या मेंढपाळांच्या एकाच गीताला तेथे कितीतरी चाली आहेत! इयन रसेल यांनी १९६९ पासून त्या ध्वनिमुद्रित केल्या.

"पण हा गलबला म्हणजे का संगीत?" असे एक स्नेही मला म्हणाले. मी विचारतो, तबकडीने एकच चाल खरी ठरवली, तर उरलेल्या चालींनी जावे कोठे? चर्चने हाकललेली गाणी लोकांनी जगवली. त्यांना दुसऱ्यांदा दाराबाहेर काढण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?