ताडकळस ते न्यूयॉर्क : विमानाचे सोळा तास आणि आपली खरी वाट

मुंबईहून न्यूयॉर्क किती लांब? हवाई अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. ताशी नऊशे किलोमीटर वेग धरला तर चौदा तास होतात. पण पश्चिमेकडे जाताना समोरून वारा असतो, म्हणून थेट विमानालाही सोळा तासांच्या आसपास लागतात. परतताना तोच वारा पाठीशी असल्याने वेळ कमी लागतो. तिकिटावरच्या वेळा वजा करून मात्र हा हिशेब जुळत नाही, कारण न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे असते.

आता हाच हिशेब पूर्णा तालुक्यातल्या ताडकळसपासून करू. आधी परभणी गाठायची, मग देवगिरी एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून मुंबई. अमेरिकेच्या व्हिसाच्या मुलाखतीसाठी एकदा आणि विमान पकडण्यासाठी पुन्हा एकदा. तरीही हा प्रवास सोपाच म्हणावा लागेल. आपली मुले अडतात ती त्याच्याही आधी.

बाबासाहेब जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कला पोहोचले. बोटीचा प्रवास कित्येक आठवड्यांचा होता. पण बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी मंजूर होती, म्हणून ते कोलंबिया विद्यापीठात शिकू शकले. तेव्हा समुद्र आडवा होता, पण दार उघडे होते. आज समुद्र सोळा तासांत ओलांडता येतो. दाराचे काय?

महाराष्ट्र शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीच्या जागा ७५. राज्यात जिल्हे ३६. म्हणजे एका जिल्ह्याच्या वाट्याला सरासरी दोनच विद्यार्थी. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत संपूर्ण देशासाठी १२५ जागा, त्यातल्या ११५ अनुसूचित जातींसाठी. त्यातही २०२२ च्या नियमावलीने भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचा सामाजिक अभ्यास हे विषय वगळले. बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबियात वाचलेला निबंध भारतातील जातींवरच होता. या नियमात तो विषय बसला नसता, हे आपण नीट लक्षात घेतले पाहिजे.

म्हणून आमचे म्हणणे दोन पातळ्यांवर आहे. शासनाकडे जागा वाढवण्याची आणि विषयबंदी उठवण्याची मागणी सातत्याने लावून धरली पाहिजे. पण तोवर आपण हातावर हात ठेवून बसायचे का? जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, पासपोर्ट, इंग्रजीची परीक्षा, विद्यापीठाचे प्रवेशपत्र, ही सगळी तयारी वर्ष-दीड वर्ष आधी सुरू करावी लागते. जाहिरात निघाल्यावर धावपळ करणाऱ्याची संधी कागदाअभावी जाते. पुण्या-मुंबईच्या मुलाला हे शेजारीच कळते, ताडकळसच्या मुलीला कोण सांगणार?

हे काम गावोगावच्या बुद्ध विहारांतून होऊ शकते. महिन्यातला एक रविवार त्यासाठी ठेवा. परदेशात शिकणाऱ्या आपल्या मुला-मुलींना मोबाईलवर जोडून घ्या. बारावीच्या वर्गापासूनच नावे काढा. जयंतीच्या वर्गणीतला काही भाग परीक्षेच्या फीसाठी बाजूला काढा.

न्यूयॉर्कचे विमान रोज उडते. त्यात परभणी जिल्ह्यातले आपले किती जण बसतात, याचा हिशेब आता आपणच मांडायला हवा.

जय भीम!