घरातला भांडखोर पाहुणा

दोन वर्षांपूर्वी रमजान ईदला आमच्या धाकट्याने ईदीच्या पैशांतून एक मासा आणला. बोटाएवढा, लालसर, अंगावर काळे ठिपके. दुकानदाराने सांगितले होते, 'फ्लॉवरहॉर्न आहे. डोक्यावर गाठ आली की घरात बरकत येते.' घरी दोन फुटांची टाकी होतीच. तिच्यात चार गोल्डफिश आणि काही मॉली सुखाने नांदत होते. त्यांच्यातच हा पाहुणा सोडला.

बकरी ईद येईपर्यंत टाकीत तो एकटाच उरला. रोज सकाळी कोणाचे शेपूट कुरतडलेले, तर कोणी तळाशी निपचित पडलेले. अम्मी काचेपाशी उभ्या राहून म्हणाल्या, "सबको मार के अब अकेला बैठा है." तेवढ्यात पाहुण्याने त्यांच्या बोटावरही झेप घेतली. काच मध्ये होती म्हणून बरे.

आम्ही वर्गात संकर शिकवतो, पण घरात संकर आला तेव्हा चौकशी केली नाही, ही चूक आमचीच. फ्लॉवरहॉर्न हा मासा जगातल्या कुठल्याही नदीत मुळात नव्हता. मध्य अमेरिकेतल्या सिक्लिड कुळातल्या वेगवेगळ्या माशांचा संकर करून तो 1990 च्या दशकात मलेशियात तयार झाला. घोडी आणि गाढव यांच्यापासून खेचर होते, तशातलाच हा प्रकार. म्हणूनच याच्यातले बरेच नर निपुत्रिक असतात.

त्याच्या भांडखोरपणालाही कारण आहे. बऱ्याच सिक्लिड माशांत आई-बाप दोघेही अंड्यांची आणि पिल्लांची राखण करतात. तळाची वाळू उकरून जागा करतात आणि त्या जागेत दुसऱ्याला फिरकू देत नाहीत. नदीत हरलेला मासा पळून जातो. दोन फुटांच्या टाकीत पळणार कुठे? मारणारा जात्याच तापट होता हे खरे, पण मरणाऱ्यांची वाट आम्ही बंद केली होती.

राहिली बरकतीची गाठ. त्याच्या पूर्वजांपैकी काही जातींत विणीच्या काळात नराच्या कपाळावर फुगवटा येतो. माणसाने मोठ्या फुगवट्याचे नर निवडून निवडून तो वाढवला. नफा-नुकसान अल्लाहच्या हाती असते, माशाच्या कपाळावर नाही, हे आपण मुलांना स्पष्ट सांगायला हवे.

वर्षभरात मासा वीतभर झाला. टाकीत त्याला धड वळता येईना. दुकानदार परत घ्यायला तयार नव्हता. तेव्हा धाकटा म्हणाला, "आपण त्याला रंकाळ्यात आझाद करू या."

आझाद हा शब्द ऐकून आम्हालाही क्षणभर बरे वाटले. कैद्याला सोडणे पुण्याचेच काम ना! पण रंकाळ्यातले छोटे मासे, त्यांची अंडी, त्यांची पिल्ले यांचे काय? आमच्या टाकीत जे झाले, तेच तिथे व्हायचे. मलेशिया आणि सिंगापूरमध्ये असे सोडलेले फ्लॉवरहॉर्न तिथल्या पाण्यात सापडले आहेत. शिवाय कोल्हापूरला पूर नवा नाही. 2019 आणि 2021 मध्ये पाणी कुठवर चढले होते, ते आपण पाहिले. तळ्यात सोडलेला मासा तळ्यातच राहील, याची हमी कोण देणार?

याच कुळातला आफ्रिकेतला तिलापिया, म्हणजे आपला चिलापी, 1952 मध्ये भारतात आणला गेला. तो खाण्यासाठी आणला होता, हेतू चांगला होता. आज उजनीच्या जलाशयात त्याचे राज्य आहे. पाण्यात एकदा सोडलेला मासा वेचून बाहेर काढता येत नाही.

मग अम्मींनी नातवाला जवळ बसवले आणि मांजरीची हदीस सांगितली. एका बाईने मांजर कोंडून ठेवली, तिला खायला दिले नाही आणि स्वतःचे भक्ष्य शोधायला मोकळेही सोडले नाही. त्याची तिला सजा झाली. धाकटा लगेच म्हणाला, "म्हणजे सोडायलाच पाहिजे ना?" अम्मी म्हणाल्या, "मांजरीला बाहेर तिचे घर होते. याला आहे का? मग आणलास तर सांभाळ."

त्या वर्षी घराची रंगरंगोटी पुढे ढकलली आणि चार फुटांची टाकी घेतली. दीड फूट रुंद, दीड फूट उंच, म्हणजे सुमारे अडीचशे लिटर पाणी. नुसत्या पाण्याचेच वजन अडीचशे किलो होते, तेव्हा लोखंडी स्टँड भक्कम हवा. मासा भरताना टाकी एकदम तयार नसते. माशाच्या विष्ठेतून अमोनिया होतो, तो विषारी असतो. फिल्टरमध्ये वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग कमी घातक नायट्रेट करतात. ते जिवाणू जमायला काही आठवडे लागतात. आम्ही जुन्या टाकीचा फिल्टर न धुता नव्या टाकीत लावला, म्हणून काम सोपे झाले. फिल्टर नळाच्या पाण्याखाली खळखळून धुऊ नये, क्लोरीनने जिवाणू मरतात.

बाकी नियम थोडेच. एका टाकीत एकच फ्लॉवरहॉर्न. पाणी 26 ते 30 अंश. थंडीत हीटर लागतो. दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलायचे. गोळ्यांचे खाणे दोन वेळा, थोडे थोडे. जिवंत मासे खाऊ घालू नयेत. रोगही येतो आणि तमाशा पाहायची सवयही लागते. दुसरा मासा सोडून झुंज लावणे तर नकोच. प्राण्यांची झुंज लावायला आपल्या दीनमध्ये मनाई आहे.

हा मासा आठ-दहा वर्षे जगतो. धाकटा आज सातवीत आहे. हिशेब केला तर तो कॉलेजात जाईल तेव्हाही हा पाहुणा टाकीत असेल. म्हणून वाचकहो, दुकानात मूल बोट दाखवील तेव्हा किंमत नंतर विचारा. आधी विचारा, हा केवढा होतो, किती वर्षे जगतो आणि कोणाबरोबर राहतो.

दर शनिवारी रात्री धाकटा क्लोरीन उडावा म्हणून बादल्या भरून ठेवतो आणि रविवारी सकाळी टाकीचे पाणी बदलतो. मासा अजूनही त्याच्या हातावर झेप घेतोच. परवा तो अम्मींना म्हणाला, "दादी, याला माझी ओळखच नाही." अम्मी म्हणाल्या, "त्याला नसू दे. तुला आहे ना?"