घरट्याचा फोटो मी मागे घेतेय

आपल्या अंकाच्या फोटो-पानासाठी मी दिलेला टिटवीचा फोटो निवडला गेल्याचा मेसेज ग्रुपवर आला आणि अभिनंदनांचा पाऊस पडला. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. भेगाळलेला गाळ, त्यात चार ठिपकेदार अंडी, आणि अंड्यांवर पंख पसरून, चोच उघडून उभी असलेली टिटवी. खाली कुणीतरी लिहिलं, 'आईची माया!' मीही त्याला बदाम दिला. नंतर दोन दिवसांनी संपादकांना कळवलं की फोटो छापू नका. तेव्हापासून जो तो विचारतोय, "काय गं, डोकं फिरलंय काय?" म्हणून हे लिहितेय.

फोटो एप्रिलमधला आहे. हिडकल धरणाचं पाणी उन्हाळ्यात उतरतं. हुन्नूरचं बुडालेलं विठ्ठल मंदिर वर येतं आणि त्याच्याआधी काठाचा गाळ उघडा पडतो. त्या चिखलात शेकाटे, चिखले, तुतवार टिपायला मी आणि माझी मैत्रीण बेळगावहून पहाटे स्कूटीवरून गेलो होतो. खडेबाजारातल्या एका दुकानातून लेन्स दोन दिवसांसाठी भाड्यानं घेतली होती. भाडं वसूल करायचं, हे डोक्यात पक्कं. सकाळच्या मऊ उजेडात फारसं काही मिळालं नाही. साडेदहाला ती टिटवी दिसली.

लेन्स तीनशे मिलिमीटरची. ज्यांनी पक्षी टिपलेत त्यांना माहीत आहे, लेन्स कमी पडली की पाय पुढे जातात. मी गेले. टिटवी उडाली, डोक्यावर घिरट्या घालत ओरडत राहिली. मी खाली बसले. ती आली, की क्लिक. मी हलले, की ती परत वर. असं चाळीस मिनिटं चाललं. शेवटी बकरी चारणारे एक मामा लांबून ओरडले, "ए बाई, कवाधरनं उभारलीयास तिथं? तू हैस म्हणून ती बसंना. अंडी भाजायल्यात की तिची!"

मला वाटलं, मामा उगीच बोलायलेत. अंडी उबवायला ऊबच तर लागते ना? उन्हात आणखी काय होणार?

घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात उघड्यावर अंडी घालणाऱ्या टिटवीचं काम अंडी गरम ठेवण्यापेक्षा गार ठेवण्याचं जास्त असतं. ती अंड्यांवर सावली धरून उभी राहते. पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवते आणि त्या ओल्या पोटानं अंड्यांवर येऊन बसते. शेकाट्याही हेच करतो. असं जवळजवळ महिनाभर, नर-मादी आळीपाळीनं. म्हणजे माझ्या फोटोत दिसतं ते पसरलेले पंख, उघडी चोच, हे ऊन आणि भीती आहे. ज्याला आपण माया म्हणून बदाम दिला, त्यातली निम्मी गोष्ट मी स्वतः घडवून आणलेली होती. त्या अंड्यांचं पुढं काय झालं, ते बघायला परत जायचा धीर मला झाला नाही. परत गेले असते तरी आणखी एकदा तिला उठवलंच असतं.

आपण साहित्यवाले. टिटवीची गोष्ट आपल्याला माहीत आहे. समुद्रानं अंडी नेली म्हणून पंचतंत्रातलं टिटवीचं जोडपं समुद्राशी भांडलं, थेट गरुडापर्यंत दाद मागितली आणि अंडी परत मिळवली. ती गोष्ट वाचताना आपण टिटवीच्या बाजूनं असतो. कॅमेरा हातात आला की मात्र आपण समुद्राच्या जागी जाऊन उभारतो, आणि आपल्याला कळतही नाही.

कायदा याबाबत आपल्यापेक्षा स्पष्ट आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातली शिकारीची व्याख्या वाचा. त्यात मारणं, पकडणं तर आहेच. पण पक्ष्यांची अंडी फोडणं, अंड्यांना किंवा घरट्याला उपद्रव देणं हेही शिकारीतच धरलंय. गोळी झाडायला आणि फोटो काढायला इंग्रजीत एकच शब्द आहे, हा विनोद आपण वर्गात करतो. मला आता तो तेवढा विनोदी वाटत नाही.

प्रश्न फक्त घरट्यांचाही नाही. उजनीच्या पाण्यावर भिगवणला रोहित पक्षी बघायला गर्दी होते. पंख उघडल्यावर दिसणारा गुलाबी रंग हवा म्हणून थवा उडवायला नाव जवळ न्यायला सांगणारे लोक तिथं असतात. थवा उडतो, फोटो झकास येतो. आपल्याकडे हिवाळ्यात घटप्रभेच्या काठी, गोकाक तालुक्यातल्या धुपदाळच्या पक्षी अभयारण्यात कांड्या करकोचे उतरतात, मध्य आशियातून. छोटा टिलवा तर जेमतेम पंचवीस-तीस ग्रॅमचा जीव, आर्क्टिकच्या टुंड्रातून येतो आणि उन्हाळ्याआधी परत जातो. चिखलात दिवसभर चोच खुपसून तो अंगावर चरबी साठवतो, तीच त्याची परतीची शिदोरी. आपण एकदा उडवला की थोडी शिदोरी गेली. आपल्यामागून दुसरा येतो, तोही उडवतो. प्रत्येकाला वाटतं, मी एकदाच तर केलं.

यावर माझ्या मैत्रिणीचं म्हणणं वेगळं आहे आणि ते खोटं नाही. ती म्हणते, "फोटो नसते तर तुला शेकाट्या आणि तुतवार यातला फरक तरी कळला असता काय?" खरंय. २०१२ साली नागालँडमध्ये दोयांग जलाशयाजवळ अमूर ससाण्यांची जाळी लावून कत्तल होत होती. तिथले फोटो आणि व्हिडिओ जगासमोर आले, म्हणून ती थांबली. आशियाई पाणपक्षी गणना १९८७पासून दर जानेवारीत होते, तिलाही फोटोंची मदत होते. लांबून न ओळखलेला पक्षी घरी स्क्रीनवर ओळखता येतो. मारुती चितमपल्लींनी जन्मभर खपून पक्ष्यांची मराठी नावं गोळा केली. ती नावं आपल्या पिढीच्या तोंडी टिकायची असतील तर नावाबरोबर चित्र लागेलच. म्हणून कॅमेरे कपाटात ठेवा असं मी म्हणत नाही. मीही ठेवणार नाही.

माझं म्हणणं एवढंच, की अंतर पक्ष्याला ठरवू द्या. तो खात राहिला, पिसं साफ करत राहिला, तर तुम्ही बरोबर जागी आहात. खाणं थांबवून मान ताठ केली, की थांबा. ओरडायला लागला, की मागं फिरा. बसून राहणाऱ्याकडे पक्षी आपण होऊन येतात, हे मला नंतर आपल्या किल्ल्याच्या तलावावर कळलं. उजाडायच्या आधी जाऊन सूर्य पाठीशी घेऊन मी कट्ट्याआड बसले. तासाभरानं एक वंचक एवढ्या जवळ आला की त्याचा पिवळा डोळा फोकसमध्ये मिळाला. तो मासा पकडून, गिळून, सावकाश निघून गेला. मी तिथं आहे याची त्यानं दखलही घेतली नाही. या फोटोला लाइक फार नाहीत. पण तो बघताना मला खाली मान घालावी लागत नाही.

मंडळाकडे माझ्या तीन मागण्या आहेत. एक, फोटो-पानावर घरटं, अंडी आणि पिल्लांचे फोटो घेऊ नयेत. कितीतरी मोठ्या स्पर्धाही आता ते घेत नाहीत. दोन, घरट्याचं नेमकं ठिकाण कुणीही ग्रुपवर टाकू नये. तीन, फोटोबरोबर दोन ओळी मागाव्यात : पक्षी कोणता, आणि फोटो काढताना तो काय करत होता. 'उडत होता' असं उत्तर आलं तर संपादकांनी पुढं विचारावं, का उडाला?

लहानपणापासून कन्फेशनला एक शिकवलं जातं, नुसतं कबूल करून भागत नाही, भरपाईही करावी लागते. टिटवीची भरपाई कशी करायची, मला ठाऊक नाही. सध्या एवढंच करता आलं, की तो फोटो फोनमधून काढला आणि तुम्हाला खरं सांगितलं. पानावर जागा रिकामी राहत असेल तर वंचकाचा फोटो देते. आवडला तर घ्या.